यकृतातला अडलेला पाट



तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यातून आणलेल्या फायलीत कधी कधी काही अवघड शब्द असतात. ‘पोर्टल हायपरटेन्शन’, ‘व्हॅरिसेस’, ‘स्प्लीन वाढलेली’. डॉक्टरांच्या दारात रांग असते. ते दोन वाक्यांत सांगतात, आपण मान हलवतो. घरी सासूबाई विचारतात, ‘काय म्हणाले डॉक्टर?’ तेव्हा ‘लिव्हरला सूज आहे म्हणाले’ एवढंच सांगता येतं.

आज या शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. या आजारात पहिली खूण दिसते ती बहुतेक वेळा घरातल्या बाईला. शौचाचा रंग बदलला, माणूस दिवसा झोपायला लागला, धोतर किंवा पँट पोटावर घट्ट व्हायला लागली, हे तिच्याच लक्षात येतं. त्याचा अर्थ तिला माहीत असेल तर वेळेवर दवाखाना गाठता येतो.

आधी यकृत कुठे असतं ते पाहू. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, सव्वा ते दीड किलो वजनाचा हा अवयव. मटणाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो, तोच. आपल्या शरीरात रक्त साधारणपणे हृदयातून अवयवाकडे जातं आणि अवयवाकडून परत हृदयाकडे येतं. यकृताची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला रक्त दोन वाटांनी मिळतं. एक धमनी हृदयाकडून येते. दुसरी एक जाड शीर पोटाकडून येते. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि पांथरी, म्हणजे प्लीहा, या सगळ्यांतून निघालेलं रक्त या शिरेत गोळा होतं आणि यकृतात शिरतं. हीच ती पोर्टल शीर. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून येतं. दोन्ही वाटा मिळून मिनिटाला सव्वा ते दीड लिटर.

ही व्यवस्था कशासाठी? आपण जेवलेलं पचून आतड्यातून रक्तात उतरतं. त्यात साखर असते, प्रथिनं असतात, औषधं असतात, आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेली घाणही असते. हे सगळं थेट अंगभर पसरण्याआधी यकृतातून गाळून, तपासून पुढे जावं, म्हणून ही वाट. आठवड्याच्या बाजारातून आणलेली भाजी आपण निवडून, धुऊन मगच चुलीवर ठेवतो, तसंच.

यकृताच्या आत पोर्टल शिरेच्या बारीक बारीक फांद्या होतात. शेवटी रक्त अतिशय नाजूक पोकळ्यांमधून झिरपतं. त्यांच्या भिंतींना चाळणीसारखी भोकं असतात. रक्त सावकाश जातं, यकृताच्या पेशी हवं ते घेतात, नको ते बाजूला काढतात. निरोगी माणसात या वाटेवर दाब फारच कमी असतो. पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्या दाबातला फरक पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत असतो. हातावर पट्टा बांधून आपण मोजतो तो बीपी 120 च्या आसपास असतो, त्याच्याशी तुलना केली म्हणजे हे किती हलकं काम आहे ते कळेल.

पाट कुठे अडतो?

आता यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली तर काय होतं ते पाहू. कारण दारू असेल, कावीळ ब किंवा क चा विषाणू असेल, मधुमेह आणि वाढलेल्या वजनाबरोबर येणारं चरबीचं यकृत असेल. यकृतात काही पेशी असतात, त्यांना तारकापेशी म्हणतात. एरवी त्या ‘अ’ जीवनसत्त्व साठवून गप्प बसलेल्या असतात. इजा होत राहिली की त्या जाग्या होतात आणि चिवट धागे विणायला लागतात. जखमेवर जसा व्रण धरतो, तसा यकृताच्या आत व्रण धरतो. चाळणीची भोकं बुजतात, मऊ पोकळ्या कडक नळ्यांसारख्या होतात. शिवाय या तारकापेशी आकसतात आणि आतली वाट आणखी आवळतात. व्रण फार वाढले, यकृत गाठाळ आणि कडक झालं, की त्याला सिरॉसिस म्हणतात.

शेतातल्या पाटाचं उदाहरण घ्या. चारीत गाळ भरला, गवत माजलं, तर वरून येणारं पाणी तुंबतं. पाटाची पातळी वाढते. पोर्टल शिरेचं तसंच होतं. फरकाचा आकडा 5 च्या वर गेला की पोर्टल दाब वाढला असं म्हणतात. 10 किंवा त्याहून जास्त झाला की त्रास सुरू होण्याची शक्यता वाढते. 12 च्या पुढे गेला की शीर फुटून रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

पण शरीरात आणखी एक उलटी गोष्ट घडते. शेतकरी पाट तुंबल्यावर वरचं दार बंद करतो. शरीर ते दार आणखी उघडतं. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. आजारी यकृताच्या आत तो कमी पडतो, म्हणून तिथल्या वाटा आवळलेल्या राहतात. आतड्यांकडच्या रक्तवाहिन्यांत मात्र तो जास्त तयार होतो, म्हणून त्या रुंदावतात आणि पोर्टल शिरेत रक्त जास्तच येतं. खाली अडथळा आणि वरून पूर, असा दोन्हीकडून दाब वाढत जातो.

हा दाब हातावरच्या मशीनवर दिसत नाही. उलट सिरॉसिसच्या रुग्णाचा हाताचा बीपी बऱ्याचदा कमीच असतो. हे लक्षात ठेवा, पुढे गोळ्यांबद्दल बोलताना याची गरज पडेल.

तुंबलेलं रक्त कुठे जातं?

पायाच्या शिरांमध्ये झडपा असतात, रक्त मागे येत नाही. पोर्टल शिरेत तशा झडपा नाहीत. त्यामुळे तुंबलेलं रक्त मागे फिरतं आणि आडवाटा शोधतं. अन्ननलिकेचा खालचा भाग आणि जठर इथल्या बारीक शिरा ही त्यातली सर्वांत धोक्याची आडवाट. एवढं रक्त वाहून न्यायला त्या बनलेल्याच नसतात. त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात, भिंत पातळ होते. यांनाच व्हॅरिसेस म्हणतात. काही जणांच्या बेंबीभोवतीच्या शिरा कातडीखाली निळ्या उठून दिसतात. गुदाशयाजवळच्या शिराही फुगू शकतात.

पांथरीतून येणारं रक्तही अडतं, म्हणून पांथरी मोठी होते आणि रक्तातल्या प्लेटलेट स्वतःत अडकवून ठेवते. तपासणीत प्लेटलेट कमी दिसतात. आपल्याकडे प्लेटलेट कमी म्हटलं की लगेच डेंग्यू आठवतो आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. ताप नाही, अंगदुखी नाही, आणि तरी दर तपासणीत प्लेटलेट कमीच येत असतील, तर पोटाची सोनोग्राफी आणि यकृताची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

पोटात पाणी साठणं, म्हणजे जलोदर, हाही याच दाबाचा परिणाम. पोटाकडच्या रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे मूत्रपिंडांना वाटतं की शरीरात रक्त कमी पडलंय. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी दाबामुळे पोटात पाझरतं. म्हणूनच जलोदरात मीठ कमी करायला सांगतात.

आणि आडवाटेने गेलेलं रक्त यकृतात गाळलंच जात नाही. आतड्यातला अमोनिया सरळ मेंदूपर्यंत पोहोचतो. आधी झोप उलटी होते, रात्रभर जागा आणि दिवसभर पेंगलेला. मग विसरभोळेपणा, चिडचिड, सही वेडीवाकडी येणं, हात पुढे धरले तर पंजे फडफडणं. घरात म्हणतात, ‘पुन्हा प्यायला’ किंवा ‘बाहेरचं काहीतरी लागलं’. बाई भांडते, शेजारी अंगारा आणून देतात. प्रत्यक्षात तो मेंदूवर आलेला यकृताचा आजार असतो आणि त्यावर उपचार आहे. शौच साफ झालं की बराचसा अमोनिया बाहेर पडतो, म्हणून लॅक्टुलोजचं गोड औषध देतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावं असं पाहतात. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, झोपेच्या गोळ्या यांनी हा त्रास उफाळतो. माणूस शुद्ध हरपायला लागला तर घरी थांबू नका.

‘आमच्यात कुणी पीत नाही’

मैत्रिणींनो, या आजाराला एक शरम चिकटली आहे. यकृत खराब म्हटलं की दारू, असं लोक धरून चालतात. कधीही दारू न शिवलेल्या बाईला सिरॉसिस निघाला की ती कुणाला सांगत नाही, तपासणीला जात नाही. दारू हे मोठं कारण आहेच. पण कावीळ ब आणि क हे विषाणू रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, आईकडून बाळाला बाळंतपणात जातात. पोटाचा घेर वाढलेला, साखर वाढलेली, अशा बायकांत चरबीचं यकृत मुकाट्याने पुढे सरकतं. काही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते आणि तो आजार बायकांत जास्त दिसतो.

काही वेळा यकृत चांगलं असतं आणि पोर्टल शीरच लहानपणी गुठळीने बंद झालेली असते. भारतात हे मुलांमध्ये दिसतं. हसतं खेळतं मूल अचानक रक्ताची उलटी करतं, आणि तपासल्यावर पांथरी मोठी सापडते. वेळेवर उपचार मिळाले तर अशी मुलं चांगली वाढतात.

कारण सापडलं की आजार कसा रोखता येतो, याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. एके काळी आपल्या देशात लहान मुलांना होणारा एक सिरॉसिस होता, बहुतेक मुलं त्यातून वाचत नसत. पुण्यातले बालरोगतज्ज्ञ डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर 1980 च्या दशकात त्याचा माग काढला. कल्हई नसलेल्या पितळी आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, ठेवलेलं दूध तान्ह्या बाळांना पाजलं जात होतं, आणि त्यातून तांबं त्यांच्या यकृतात साठत होतं. दुधाची भांडी बदलली, आईच्या दुधावर भर दिला, आणि हा आजार आता क्वचितच दिसतो.

तपासणी आणि उपचार

सिरॉसिस कळल्यावर डॉक्टर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी सांगतात. नळी तोंडातून घालतात, घशात बधिर करायचं औषध मारतात, काही मिनिटांत काम होतं. ओकारी येते, पण जखम होत नाही. या तपासणीला घाबरून लोक ती पुढे ढकलतात. शिरा फुगल्या आहेत का, किती, हे त्यातून दिसतं. यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन नावाचं बिनदुखीचं यंत्रही आहे. त्याचा आकडा 20 च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर सिरॉसिसच्या सुरुवातीच्या रुग्णांना दुर्बीण लगेच करावी लागत नाही. हे अर्थात डॉक्टर ठरवतील.

दाब कमी करायला प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या गोळ्या देतात. आता मघाची गोष्ट आठवा. या गोळ्या बीपीच्या म्हणून ओळखल्या जातात. शेजारचं कुणीतरी पाकीट वाचून सांगतं, ‘अगं, यांना तर बीपी नाही, मग ही गोळी कशाला?’ आणि गोळी बंद होते. ही गोळी हाताच्या बीपीसाठी नाही, पोटातल्या दाबासाठी आहे. मनाने बंद करू नका. चक्कर येत असेल, नाडी फार मंद झाली असेल, दमा असेल, तर डॉक्टरांना सांगा, ते बदल करतील.

फुगलेल्या शिरा मोठ्या असतील तर दुर्बिणीतूनच त्यांना छोटे रबरी बँड लावतात. बँडने आवळलेली शीर सुकून गळून पडते. एकदा करून भागत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने शिरा बुजेपर्यंत पुन्हा जावं लागतं. ‘एकदा बँड टाकले, आता बरं आहे’ असं म्हणून पुढची तारीख चुकवू नका.

शीर फुटली तर रक्ताची उलटी होते, किंवा शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं. आपल्यापैकी अनेक जणी लोहाच्या गोळ्या घेतात, त्यानेही शौच काळपट होतं. पण ते बांधलेलं असतं, डांबरासारखं चिकटत नाही. यकृताच्या रुग्णाला तसं चिकट काळं शौच झालं, गरगरलं, घाम फुटला, तर त्याला रक्तस्रावच समजा आणि लगेच निघा. महाराष्ट्रात 108 वर फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही. फाइल बरोबर घ्या आणि ‘यांना सिरॉसिस आहे’ हे दारातच सांगा. दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात रक्त थांबवणारी औषधं, प्रतिजैविकं देतात आणि शक्यतो 12 तासांत बँड लावतात. इतके उपचार करूनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत सुमारे सहापैकी एक रुग्ण दगावतो. म्हणून फुटण्याआधीच्या गोळ्या आणि बँड यांना इतकं महत्त्व.

गरोदरपणाबद्दल एक शब्द. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं आणि पोर्टल दाबही वाढतो. सिरॉसिस असलेल्या किंवा पांथरी वाढलेल्या मुलीने लग्नानंतर हे लपवू नये. दिवस राहण्याआधी दुर्बीण करून घ्यावी आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावं. काळजी घेतली तर बाळंतपणं सुखरूप होतात.

घरात काय सांभाळायचं?

पोटात पाणी असेल तर दिवसाचं मीठ चहाचा एक चमचा भरून, म्हणजे 5 ग्रॅमच्या आसपास ठेवा. पापड, लोणचं, खारी मासळी, फरसाण, सोडा घातलेले पदार्थ बंद. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात ‘कमी सोडियम’चं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. पाणी उतरवायच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

जेवण मात्र तोडू नका. ‘यकृत खराब आहे, नुसती पेज द्या’ असं म्हणून माणसाला अर्धपोटी ठेवतात, त्याने अंगावरचं मांस झडतं आणि आजार बळावतो. डाळ, उसळ, दूध, दही, अंडं चालतं. रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंत फार वेळ पोट रिकामं राहू नये, म्हणून झोपताना दूध-भाकरी किंवा लाडू असं थोडं काही द्यावं. निर्जळी उपवास, नवरात्रातले नऊ दिवसांचे कडक उपवास अशा रुग्ण बाईने करू नयेत. देव काही रागावणार नाही.

अंगदुखीला दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या आणू नका. त्यांनी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉल थोड्या प्रमाणात, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच.

कावीळ उतरवणं, माळ घालणं यात वेळ जातो आणि आजार आत वाढतच राहतो. काढ्यांचंही जपून. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. पण ज्याचं यकृत आधीच थकलेलं आहे, त्याने कोणतंही औषध, मग ते झाडपाल्याचं का असेना, यकृताच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावं.

रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय. पोटात पाणी असताना ताप आला, पोट दुखायला लागलं, तर त्या पाण्यात जंतू झाले असतील, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणि सर्वांत आशेची गोष्ट. कारण थांबलं की दाब उतरू शकतो. दारू पूर्ण सुटली तर अनेक रुग्णांचं पोटातलं पाणी काही महिन्यांत ओसरतं. कावीळ क साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंच्याण्णवांपेक्षा जास्त जणांची बरी होते. कावीळ ब गोळ्यांनी दाबून ठेवता येते. 28 जुलै 2018 पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्यात या दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात विचारा. घरात एकाला कावीळ ब निघाली तर बाकी सगळ्यांची तपासणी करा, लस घ्या. नवजात बाळाला पहिल्या 24 तासांत ब ची लस मिळाली का, हे दवाखान्यातून निघण्याआधी विचारा. यकृत अगदीच थकलं तर प्रत्यारोपणाचा मार्ग असतो. त्यासाठीही मोठ्या केंद्रात वेळेवर नाव जावं लागतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत कुणाच्या फायलीत हे शब्द असतील, तर त्या घरी जाऊन तीन प्रश्न विचारा. दुर्बीण झाली का? गोळी चालू आहे का? काळं शौच झालं तर कुठे जायचं, हे घरात ठरलंय का? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत चहा घेऊन उठू नका.